कर्नल उठला का?

अंबडला, एक्सलो पॉइंटच्या मागच्या गाळ्यात
खाली सलामतभाईंचे दोन लेथ,
वर तापल्या पत्र्याखाली आम्ही दोघं,
गोरख थेटे आणि मी.

"कर्नल उठला का?"
मी जिन्यावरूनच विचारते.
"उठतो, आणि अर्ध्यात पडतो."
सलामतभाईंना वर्षभर वाटत होतं
देवळाली कँपातले कुणी मोठे साहेब
आमच्याकडे आजारी पडून आहेत.
एकदा त्यांनी यखनीचा डबा वर पाठवला.
आम्ही खाल्ला.

बोर्ड तळहाताएवढा.
जायचाय दिंडोरीला, बोरस्त्यांच्या कोल्ड स्टोरेजात,
द्राक्षांच्या खोलीची थंडी राखायला.
तयार सिस्टीम मिळते, नाही असं नाही,
तिच्यात गाणी, ब्लूटूथ, प्रिंटर,
सतरा देशांचे कीबोर्ड.
शून्य ते एक अंश राखायला
प्रिंटर कशाला?
म्हणून मुळापासून.
ज्यांनी लिहिलं त्यांनी उघडं ठेवलंय,
आपण आणायचं, निवडायचं, थरावर थर रचायचा
आणि नको ते नको म्हणायचं.
नको म्हणण्यातच तीन आठवडे गेले.
एक काढावं तर कोपऱ्यातून
भलतंच कुणी रुसून उठतं,
मला तो लागायचा.

बनतं इथे, या जाड्या पीसीवर,
चालायचं मात्र त्या वेगळ्याच चिपवर.
गोरखची आई पॅकहाउसला जायची,
हातात अठरा मिलिमीटरची कडी,
कडीतून निसटला तो मणी बाद.
ज्या तोंडांसाठी ती घड विंचरायची
ती तोंडं तिने कधी पाहिली नाहीत.
गोरख म्हणतो, क्रॉस-कंपाइल
मला कॉलेजात कुणी समजावावं लागलं नाही.

शनिवारी लाईट गेली.
चार हजार एकशे सहापैकी
दोन हजार नऊशे अठरावं काम चालू होतं.
यूपीएस दहा मिनिटं शिट्टी मारून गप्प झाला.
खाली लेथचा चक
स्वतःशीच फिरत फिरत थांबला.
संध्याकाळी पुन्हा सुरू केलं
तर पहिल्यापासून नाही,
झालेलं सगळं त्याने जपून ठेवलं होतं.
मला उगाच भरून आलं.
मुलगी झाली तेव्हा सोडलेली नोकरी
सात वर्षांनी मागायला गेले
तर सगळे म्हणाले होते, शून्यापासून.

बोरस्ते आले. "फुकटचं आहे ना हे?
मग बिलात कसलं धरता?"
गोरख कीबोर्डवर जोरात बोटं आपटू लागला.
मी परवान्यांची यादी उघडली,
माणसांची नावं, पानामागून पान.
"यांना पैसे?"
"काहींना मिळतात. काहींना नाही."
"मग देतात कशाला?"
"तुम्हाला छाटणी कुणी शिकवली?"
ते टोपी काढून डोकं खाजवत बसले.
"मावडीचा एक म्हातारा होता.
हातात कात्री दिली आणि बांधावर जाऊन बसला."
मग तरी त्यांनी दोन हजार कमी करून घेतलेच.

पॅनेलच्या दाराला आतून,
वायरिंगच्या नकाशामागे
मी एक पेनड्राइव्ह चिकटवला आहे.
सगळ्या कृती, सगळी थिगळं,
दोन ठिकाणी गोरखच्या शिव्यासुद्धा.
उद्या आम्ही नसलो
तर कुणालातरी उघडता यावं.

दिंडोरीत वायर जोडली.
पडदा काळा.
गोरख श्वास धरून उभा,
बोरस्ते चप्पल काढून, देवळात उभं राहावं तसे.
अकरा सेकंद.
मग ओळी, ओळींवर ओळी,
आणि शेवटी नुसती एक लुकलुकणारी रेघ,
बोला म्हणणारी.

परतीच्या रस्त्यावर फोन वाजला.
मागे लेथ चालू, त्यावरून ओरडत
सलामतभाई विचारत होते,
"मॅडम, उठले का तुमचे साहेब?"
"उठले हो."
"मग घरी आणताय?"
"नाही. ड्युटीवर रुजू झाले."